दार क्रमांक आठशे त्र्याहत्तर

डॉक्टर इंदापूरकरांच्या एक्स-रे सेंटरचा कॉम्प्युटर
दौलतगंजात एका जिन्याखाली असतो.
मेमरी दोन जीबी. शेजारी रजया भरतात,
म्हणून पंख्यात कापूस.
त्यात एक सेवा चोवीस तास जागी:
मोरारच्या शाखेतून फोटो आले की इथे उतरवून घ्यायचे.
येतात किती? दिवसाला सात,
लग्नसराईत नऊ, लोक वरातीत नाचताना पडतात.
बाकी वेळ ती नुसती बसून मेमरी खाते
आणि एक मनगट उघडेपर्यंत
डॉक्टरांचा चहा संपतो.
"काहीतरी करा, मंजिरीताई."

बसले मग रात्री, घरूनच, काळ्या पडद्यापुढे.
दोन फायली लिहिल्या.
एकीत फक्त कान: आठशे त्र्याहत्तर नंबरचं दार,
तिथे ऐकत राहा, बाकी काही नको.
दुसरीत हात: कुणी ठोठावलं तर ऊठ,
जुनं-नवं ताडून पाहा,
जेवढा फरक तेवढाच उतरव,
आणि जा.
जुन्या सेवेला बजावलं, आता आपणहून उठायचं नाही.
बजावलं, पण थांबवायची राहिली.
लाल ओळ आली: पत्ता आधीच वापरात आहे.
एका दारामागे दोघी उभ्या,
दोघींचा हट्ट, मीच उघडणार.
एकीला घरी पाठवेपर्यंत पावणेबारा.

बाहेरच्या खोलीतून बाबा:
"एवढं काय चाललंय?"
सांगितलं, जमेल तसं.
छोट्या लाइनवर एकतीस वर्षं काढली त्यांनी,
त्यातली अकरा सुमावलीला, रात्रपाळी.
म्हणाले, "यात नवीन काय?
टेबलावर डोकं, डोक्याखाली रजिस्टर, कान घंटीत.
जौऱ्याहून घंटी आली की मी होतो.
त्याआधी मी नव्हतोच.
तुझी आई म्हणायची, घरीसुद्धा नसता."
रूळ आता उखडलेत.
ती घंटी कुठल्या भंगारात गेली
त्यांना माहीत आहे. सांगत नाहीत.

मोरारला फोन लावला. रात्रीचा माणूस बृजकिशोर.
एक फोटो पाठव म्हटलं, कुठलाही.
त्यानं मांडीचं हाड पाठवलं,
खुब्याखाली चार बोटांवर मोडलेलं.
यादीत एक ओळ उगवली.
हात उठला, घेतलं, मावळला. चार सेकंद.
मेमरी पुन्हा मोकळी,
गाडी गेल्यावरच्या फलाटासारखी.
हाड कुणाचं, ते विचारायचं राहून गेलं.

गेल्या महिन्यात बाबांच्या उशाशी बिनतारी बेल ठेवली,
तेव्हापासून मी आतल्या खोलीत निजते.
त्याआधी त्यांच्या कॉटखाली सतरंजीवर,
ते कूस बदलतील तेवढ्यांदा जागी.
बेल त्यांनी अजून वाजवली नव्हती.
पाण्याला स्वतःच उठतात, भिंत धरून.
मला सकाळी कळतं, फरशीवरच्या थेंबांवरून.

दिवा मालवला. पाठ टेकते न टेकते
तोच बेल.
धावले, अनवाणी, चष्म्याशिवाय,
दाराच्या कडीवर कोपर आपटून.
ते उशीला टेकून बसलेले,
बोट अजून बटणावर.
"काही नाही गं.
येतेस का, ते पाहिलं."
मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत,
रजिस्टरात मांडावं तसं:
"बारा सतरा. ठीक."