उतरायची जागा

मृण्मयी, तुझा निरोप मिळाला.
"पाच दिवस येतोय. मॉल नकोत, उंच मनोरे नकोत,
संस्कृती जिथे असेल तिथे उतरायचंय."
जणू संस्कृती म्हणजे नळाचं पाणी,
अमक्या गल्लीत चोवीस तास, तमकीत टँकर.
हसू नकोस, दोन शुक्रवार मी तेच बघत हिंडले.

जुफेर आधीच खोडलं.
तिथल्या इमारतींना खिडक्या आहेत, उंबरे नाहीत.
सीफमध्ये रस्ता ओलांडायलाही गाडी लागते.
अदलिया तुला आवडेल. भिंतींवर चित्रं,
कॉफीच्या फेसावर खजुराचं झाड काढून देतात,
पण रात्री दोनपर्यंत गाड्यांची दारं आपटत असतात
आणि श्रीरंगची झोप मला ठाऊक आहे.
मनामाच्या बाजारात देऊळ आहे, झेंडूचे हार आहेत,
कढीपत्ता तर आपल्याकडच्यापेक्षा ताजा.
तेवढ्यासाठी विमानात कशाला बसायचं?

उरलं मुहर्रक.
अब्बा 'मोहरक' म्हणायचे, जसं काही
दाभोळच्या पलीकडचं, तरीतून जायचं गाव.

चाकं उघडलेलं विमान इथे गच्चीवरून जातं,
दोरीवरची चादर शहारते, कुणी वर बघत नाही.
मोत्यांच्या व्यापाऱ्यांची घरं रंगवून, दिवे लावून उभी.
बुडी मारणाऱ्याचंही एक घर दाखवतात, छोटंसं.
तिथे जास्त वेळ थांब.
हलव्याच्या दुकानातला म्हातारा इब्राहिम
चमच्यावर हलवा देतो, आणि तू गिळेपर्यंत
तुझ्या तोंडाकडे बघत राहतो.
कोपऱ्यावरच्या किराण्याला इथे कोल्ड स्टोअर म्हणतात.
तिथला नोआखालीचा दुलाल सुट्टे पैसे नसले
की हातावर च्युइंगम ठेवतो.
हे सगळं संस्कृतीत धरायचं की नाही, तू ठरव.

पाहुणघराची मालकीण उम्म जासिम.
ती म्हणाली, महल्ला म्हणजे
ओझ्याची गाठ सोडून माणूस जिथे उतरतो ती जागा.
मी म्हटलं, आमच्यातही विचारतात,
कुठे उतरलात?
तिने चहा पुन्हा भरला.

खोल्या सहा.
तीन नंबरच्या भिंतीत आठ कोनाडे,
प्रत्येकात पितळी दिवा, ही तिची हौस.
रात्रीचे अडतीस दिनार, न्याहारी धरून.
अब्बांचं ब्याऐंशी सालचं एक पत्र आहे आमच्याकडे:
"खोलीत आठ माणसं, कोनाडेही आठ.
खिडकीकडून दुसरा माझा.
फणी, रेडिओचे सेल, तुझा फोटो, सगळं मावतं.
भाडं डोक्यामागे पाच दिनार. काळजी नसावी."

तीच ही खोली, असं मी म्हणत नाही.
असे कोनाडे या गल्लीत घराघरात असतील.
उम्म जासिम चादरी दाखवायला वळली, तेव्हा
खिडकीकडून दुसऱ्यात मी हात घातला, एवढंच.
गिलावा नवा होता. बोटांना काही लागलं नाही.

आता कामाचं.
जानेवारी आहे, शाल आण. समुद्राचा वारा
इथल्या वाळूलाही गार करतो.
पहाटेची बांग चार मशिदींतून येते,
एकमेकींच्या थोडी मागेपुढे. खिडकी लावू नकोस.
टॅक्सी करू नका, न्यायला मी येते.
आणि खोली चार माग, किंवा पाच.
तीन मागू नकोस, ती माझ्या नावावर आहे,
त्याच पाच रात्री.
साहेबाला सांगितलंय, घरचे पाहुणे येतायत.
अकरा वर्षं झाली मला या बेटावर येऊन,
हिशेबाच्या वह्या, भाड्याचा फ्लॅट, सगळं जागच्या जागी.
उतरायचं तेवढं राहून गेलं होतं.