अठराव्या महिन्याची तारीख

मेडिकलच्या मागच्या इमारतीत
उणे ऐंशीचा फ्रीजर अजून घरघरतोय.
बाहेर शेहेचाळीस.
कूलरच्या टाकीत पाणी नाही,
तो नुसती धूळ फेकतो टेबलावरच्या दिल्लीच्या पत्रावर:
प्रकल्पाची मुदत एकतीस मार्च रोजी संपली,
मुदतवाढीचा प्रस्ताव विचाराधीन,
शिल्लक रक्कम व्याजासह परत करावी,
विनियोग प्रमाणपत्र तीन प्रतींत.

व्याज निघालं चारशे बारा रुपये.
गुप्तरोगांवर सरकारला नफा झाला,
असं मी ऑडिटच्या तुरणकर साहेबांना म्हटलं.
ते हसले नाहीत.
त्यांना चहाची पावती हवी होती.
‘किरकोळ’ या शीर्षाखाली चहा बसतो.
डिझेल बसत नाही,
आणि लाइट गेली की फ्रीजरला डिझेलच लागतं.

सहाशे बायका, दीड वर्ष, चार भेटी.
प्रश्न साधा होता:
वाडीच्या नाक्यावरून निघालेली गाडी
रायपूर, हैदराबाद, जबलपूर करून घरी येते
तेव्हा सोबत काय काय येतं,
आणि त्यातलं काय आता जुन्या गोळीला दाद देत नाही.
तीन भेटी झाल्या.
उत्तर चौथीत होतं,
म्हणजे असावं. मी कंत्राटी तंत्रज्ञ,
मला अंदाज मांडायची परवानगी नाही.

सोळा मे. दुपारी दारात दोनशे सतरा.
नाव मला माहीत आहे, पण इथे नंबरच.
कळमन्याच्या बाजारात पेट्या भरते.
(संत्री आणली नव्हती तिनं;
मे महिन्यात कुठली संत्री.)
ब्लाउजातून प्लास्टिकची पिशवी काढली,
पिशवीतून कार्ड, कार्डावर माझंच अक्षर.

‘आज तारीख आहे नं माही?’
आहे, पण ते बंद झालं.
‘बंद झालं म्हंजे? काहून?
मी तं तिन्ही खेपा आली.
एक खाडा नाही केला.
माहं काही चुकलं का, गेडाम मॅडम?’

दिल्लीच्या नमुन्यात या प्रश्नाला रकाना नाही.
मी म्हटलं, पैसा सरकारचा होता, तो थांबला.
‘अन् रगत?’
रक्त तुमचं.
‘ते बी सरकारपाशीच आहे नं.
ते नाही मांगितलं वापस, व्याजासकट?’

मग फ्रीजरकडे बोट दाखवून, हळूच:
‘यात आहो का मी?’
दुसरा कप्पा, तिसरी रॅक.
तीन नळ्या आणि शेजारी एक रिकामं भोक.
नियमात बसत नाही, तरी दार उघडलं.
पांढरा धूर पायांवर उतरला
आणि आम्ही दोघी काही क्षण
तोंडं पुढं करून उभ्या राहिलो त्या गारव्यात,
सरकारी खर्चानं.

तिनं बाही वर केली.
रबरी पट्टा माझ्या खणात होता.
एक नळी होती,
मुदत संपायला तेरा दिवस उरलेली.

पुढचं इथं लिहीत नाही,
तुरणकर साहेब पुन्हा यायचेत.
एवढंच लिहिते, की प्रवासखर्चाचे दीडशे
माझ्या पर्समधून दिले.
तिनं मोजले, जुन्या वहीत सही केली,
एकेक अक्षर सुटं,
आणि जाता जाता विचारलं:
‘ते तिकीट नाही लावत का आज,
सहीखालचं?’