चौथ्या पिढीचा खोकला

दर तीन वर्षांनी, जोंधळ्याची रास घरात आली की
दुर्गाप्पा हेळवी बैलावर बसून यायचा.
पाय घोंगडीत गुंडाळलेले. पांगळा नव्हता,
पण मूळपुरुष पांगळा, म्हणून
दुसऱ्याच्या वेशीत शिरताना पाय झाकायचे
हा त्यांच्या घरचा रिवाज.
आमच्या घरचा: पायलीभर जोंधळे, एक धोतर,
आणि ऐकताना मधेच उठायचं नाही.

मूळपुरुष भरमगौडा, तो सुरू करायचा,
निम्मं कन्नडात, निम्मं मराठीत,
मलप्रभेच्या वरल्या अंगाला ज्यानं कोट घातला,
ज्याच्या शिक्क्यात दोन मुंगसं आणि मधे नांगर.
त्याचा रुद्रगौडा, तीन बायकांचा, एका डोळ्याचा.
त्याचा लखमगौडा, ज्यानं विजापूरच्या फौजेला
घोडी मागितली तर हरभरा दिला आणि वर हसला.
त्याचा...

इथं दुर्गाप्पाला खोकला यायचा.
सावकाश, ऐसपैस खोकला,
जणू तोही आमच्यातलाच एक पुरुष, वतनासकट.
मग तांब्याभर पाणी. मग,
त्याचा संतगौडा, आणि पुढं सगळं सुरळीत
थेट माझ्या बापापर्यंत.

मी खानापुरात कचेरीबाहेर टेबल टाकून बसतो.
वारसाचे अर्ज लिहितो, दोन्ही भाषांत.
मयताचं नाव. मयताशी नातं.
एक बहीण विसरायला किती पडतात
ते मला माहीत आहे.
पण खोकला हा खोकलाच असतो, असं मी
पन्नास वर्षं धरून चाललो.

यंदा दुर्गाप्पाचा पोरगा आला, निंगराज.
मोटरसायकलवर. हँडलला बैलाची जुनी घंटा.
पाय उघडे, पायात बूट.
बापाची छाती गेल्या पौषात कायमची थांबली, म्हणाला,
आणि फडक्यातून तांब्याचे पत्रे काढले,
चिंचेनं घासलेले, नवे दिसावेत इतके.
भरमगौडा. रुद्रगौडा. लखमगौडा.
मी सवयीनं तांब्या पुढं सरकवला.
त्यानं घेतला नाही. वाचत राहिला:

कोट पडला त्या रात्री लखमगौडाचं कुणी उरलं नाही.
पागेत एक पोर होतं, आई ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही,
हाक मारायची तर बंदव म्हणायचे.
बंदव म्हणजे आलेला.
त्यानं घोडीच्या तोबऱ्यात दाण्याखाली शिक्का लपवला
आणि उजाडताना आमच्या दारी आला.
एक दुभती म्हैस घेऊन
मी त्यास लखमगौडाचा पुत्र लिहिला.
देव साक्षी आहे. म्हैस चांगली निघाली.

निंगराजनं मान वर केली.
मला पुण्याच्या भावकीची लग्नपत्रिका आठवली,
सोनेरी मुंगसं, खाली लोळणारी शेपटं.
आणि बैलहोंगलकडचे ते, जे कन्नडात सही करतात,
जत्रेत पहिला नारळ थोरल्या पातीचा म्हणून
ज्यांच्याशी आम्ही एकोणीस वर्षं कोर्टात आहोत.
थोरली पाती! त्यांचाही उगम त्याच तोबऱ्यात.

पुढं त्यांच्याकडं जायचंय, निंगराज म्हणाला.
तिथं हे वाचू का खोकू?

मी बोललो नाही.
हातात शेकडो लोकांचे बाप लिहिलेलं पेन होतं,
खिशाला लावलेलं, गळणारं.
त्या पोराचा विचार करत होतो:
अंधारात घोडीच्या तोंडाखाली हात घालून
त्यानं काय उचललं असेल, राज्य की नुसतं
चकाकतंय म्हणून?
घोडी चावली असेल का?

माजघरातून काकूचा आवाज आला.
ती उंबऱ्याआड बसून सगळ्या वंशावळी ऐकत आलीय,
कुठल्याच पत्र्यात नसलेली.
"अरे, म्हशीचं नाव लिहिलंय का बघ."

निंगराजनं पत्रा उलटा केला,
उन्हाकडं तिरपा धरला.

लिहिलं होतं.
चंद्री.