भोंग्याचा सा

रजिस्टरचं एकशे बारावं पान मी अजून फाडलेलं नाही.
कॉलम दोन, ॲम्प्लिफायर एक,
माईक तीन, पैकी एक मुका.
पार्टीचं नाव: भट्टी नंबर तीन.
येणे बाकी रुपये तीनशे चाळीस.

पार्टी म्हणजे चार पोरं.
आमोस साळवे, मिशनच्या दवाखान्यामागं राहायचा,
चर्चमध्ये ढोलकी वाजवता वाजवता
त्याला एकदा वाटलं, देवाला जोरातही ऐकू येत असेल.
सिद्धोधन खरात, गिटार.
सोफे शिवणाऱ्याचा मुजाहिद.
आणि गाणारा रामकिसन बोराडे,
ज्याला गोडाऊनमध्ये गाताना ऐकून माझी आई म्हणाली,
कोण रे एवढ्या सकाळी शटर ओढतंय?

बेसची जाड तार जालन्यात मिळायची नाही.
मुजाहिदनं बापाच्या लुनाची ब्रेक केबल बसवली.
बाप आठ दिवस पाय घासत लुना थांबवत होता,
कामून ते त्याला कळलं नाही.
झांज म्हणजे मिलमधला पत्रा,
भट्टीनं निळी केलेली कड तशीच ठेवून कापलेला.

सूर लावायचं यंत्र कुणी बघितलंही नव्हतं.
रोज रात्री आठला रोलिंग मिलचा भोंगा व्हायचा,
आणि हे चौघं कादराबादच्या गच्चीवर
तेवढ्या एका मिनिटात
कान वर करून खुंट्या पिळायचे.
बाकीचे बँड कुठला सा धरतात मला माहीत नाही.
यांचा सा शिफ्ट सुटल्याचा होता,
घामेजलेला, जरासा खाली उतरलेला,
थंडीत आणखी थोडा खाली.

त्यांचं एक गाणं होतं, ‘टँकर उशिरा आला’.
सात मिनिटांचं.
पहिली चार मिनिटं काहीच होत नाही,
नुसता आमोस, एका काडीनं, ड्रमच्या कडेवर,
रिकाम्या हंड्यावर बोट वाजवत बसावं तसा.
लोक उठून जायचे.
मी उठलो नाही. मी रांगेत वाढलेला माणूस आहे,
चौथ्या मिनिटाला काय येतं ते मला ठाऊक होतं.
आलं तेव्हा माझ्या कॉलमची जाळी फाटली.
तिचे पैसे मी लावले नाहीत.

दोन हजार एकच्या गॅदरिंगला
तिसऱ्या गाण्यात प्राचार्यांनी प्लग काढायला लावला.
पेपरात आलं:
‘वाद्यवृंदानेही सहभाग घेतला.’
वरच्या बातमीत रांगोळीच्या तिन्ही नंबरांची नावं होती,
आडनावासकट.

लोक म्हणतात, पुण्यात असते तर.
असते तर काय?
पुण्यात तो भोंगा कुणी दिला असता त्यांना?
नशीब नव्हतं असंही मी म्हणत नाही,
नशिबाचं नाव घेतलं की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.
ते चांगले होते, बस.
आणि तेव्हा या गावात पंचवीसेक माणसं होती
ज्यांना ते चांगले आहेत हे कळत होतं,
आणि त्यातल्या एकानंही ते मोठ्यानं म्हटलं नाही.
पंचविसांत मी धरलेला आहे.

पुढं मिल बंद पडली.
आठ वाजायचे आणि नुसतेच वाजायचे.
काही दिवस सिद्धोधन आठवणीनं सूर लावत होता.
मुजाहिदची आठवण वेगळी निघाली.
दोघंही खरं बोलत होते, अर्ध्या सुराच्या अंतरावर.
भांडण असं झालंच नाही,
एक दिवस गच्चीचं कुलूप कुणी उघडलं नाही एवढंच.

एक कॅसेट आहे माझ्याकडे.
माझ्याच गोडाऊनमध्ये, गाद्यांच्या थप्पीमागं भरलेली,
कोरी परवडली नाही म्हणून जुन्या कीर्तनावर.
टँकरचं गाणं संपतं,
पत्र्याची झांज बराच वेळ मरत राहते,
आणि खालून मूळचे महाराज एकदा खोकतात.

लग्नाच्या मांडवात साउंड चेक करायला
मी हीच लावतो, चौथ्या मिनिटापासून.
बेस बघतो. ट्रेबल बघतो.
खुर्च्या मांडणारी पोरं त्या खोकल्याला हसतात.
मी खोकला कापलेला नाही.
मग कॅसेट काढून खिशात ठेवतो,
आणि नवरीकडच्यांनी पेनड्राइव्हवर दिलेलं लावतो.