तिन्हीसांजा, तीस सेकंद

सूर्य बुडाला की बाकीचे कॅमेरे मिटतात.
मुलंमुली स्कूटरी वळवतात खंडवा रोडकडे,
भुट्टेवाला निखाऱ्यांवर पाणी मारतो.
झोकरकर सर मात्र तेव्हाच तिपाईचे पाय उघडतात.
म्हणतात, "आता या. आता सुरू होतं."

बिलावलीचं पाणी अजून ठरवतंय
कुठल्या रंगाचं व्हायचं ते.
मी एकावन्नाव्या वर्षी
भाचीचा जुना कॅमेरा गळ्यात घालून उभी
आणि लक्षात येतं,
हा उजेड मी कधी पाहिलेलाच नाही.

या वेळेला मी आत असायचे.
तिन्हीसांजेला केस विंचरू नयेत,
केर काढू नये, उंबऱ्यात बसू नये,
निजू नये, रडू तर मुळीच नये.
उरायचं एवढंच : दिवा, उदबत्ती, कणीक.
स्नेहलतागंजमधली आमची खिडकी
शेजारच्यांच्या भिंतीत उघडते.
बाहेर रोज एवढं निळं सांडत होतं
आणि मी पीठ चाळत होते.

सर फारसं शिकवत नाहीत.
चाळीस वर्षं जेल रोडच्या दुकानात
पासपोर्ट फोटो काढले त्यांनी,
"हनुवटी जरा खाली" म्हणत;
आता समोरच्या टेकडीलाही तेच म्हणतात.
"क्षितिज मधोमध नको. पोळी आहे का ती, दोन सारखे तुकडे करायला?"
"काळं ते काळं राहू द्या."

पहिले चार हलले.
रस्त्यावरून ट्रक गेला की बांध थरथरतो,
ते तिपाईच्या पायांतून वर येतं
आणि बाभळीला दोन-दोन शेंडे फुटतात.
पाचव्यात माझा मलाच धक्का लागला.
सहाव्यात चौकीदार कैलास समोरून चालत गेला.
फोटोत तो नाहीच,
त्याच्या बिडीची तेवढी लाल रेघ, खालीवर, खालीवर.
"लो भिया, अपन तो गायब ही हो गए,"
म्हणाला, आणि बराच वेळ
ती रेघ बघत राहिला.

सातवा.
पाणी आता दौतीतल्या शाईसारखं,
पलीकडच्या काठाला एकच बल्ब.
अकरा, बारा... आणि खिशात फोन.
बंद करायला काढला तर पडदा उजळला,
बोट भलतीकडे लागलं, स्पीकर सुरू :
"अगं, कुकरच्या शिट्ट्या किती?"
"तीन. मग गॅस बारीक."
"बारीक म्हणजे किती बारीक?"
सव्वीस, सत्तावीस.

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला.
मागे सगळा तलाव बुडालेला
आणि पुढच्या लव्हाळ्यावर दुधी उजेड,
पातं न् पातं वेगळं,
जणू कोणी मोजायला बसलं होतं.
"हा कुठून आणलात?"
"वरणातून."
ते हसले नाहीत. मोठं करून पाहिलं,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत,
आणि तिपाई मला धरायला दिली, पहिल्यांदाच.

घरी पोचले तर वरण खाली लागलेलं.
हे टेबलाशी, अपराधी, ताटं मांडून.
देवापाशी दिवा मात्र लावलेला होता,
वात जरा जास्तच वर,
भिंतीवर काजळीचा एक बोटभर डाग.
मी ती सारली नाही.
दाराशीच उभी राहिले,
एक, दोन, तीन...