तळटीप

घेंटमधल्या एका लहान प्रकाशनाच्या पोटमाळ्यावर
मी पुस्तकं तपासते. लेखक म्हणतो तसंच आहे का, एवढंच.
या खेपेला यिदिर ऐत-हम्मूचं हस्तलिखित.
धर्म सोडून तेरा वर्षं झाली त्याला,
पाव आणायला निघाला तरी मागे दोन पोलीस.
पोलीस असले म्हणून माणूस खरा ठरत नाही
आणि खोटाही. हे मला लिहून ठेवावं लागलं, टेबलावर.

पहिल्याच आठवड्यात दोन फोन.
भाऊ : त्याचं पुस्तक? आणि तू?
मालक : नुरहान, तू... तटस्थ राहशील ना?
पुस्तक दोघांनीही उघडलं नव्हतं.

पान एकशे बारा. आयत अर्धीच,
'पण'च्या अलीकडे कात्री.
पान एकशे चाळीस. दहातले सात, म्हणे.
कुठले दहा? कुणी विचारलं, कधी?
तळटीप नाही.
पान नऊ. मदरसा, छडी, तळपाय,
सात वर्षांचा पोर भिंत धरून घरी येतो.
तिथेही तळटीप नाही.
तिथे मात्र पेन्सिल उचलवेना.

बाबा लेये नदीकाठच्या सूतगिरणीत होते.
कुणी कापड दाखवलं की आधी उलटं करायचे.
पुढून काय, सगळंच गुळगुळीत, म्हणायचे,
गाठी मागे असतात.
सुतावरून स्वर्ग गाठणारे त्यांना दोन्हीकडचे माहीत होते,
मशिदीतले, आणि गिरणीतलेही.

मेखेलेनला त्याची बहीण राहते, तमीमुंत.
फोनवर आधी नुसता नळाचा आवाज.
मग : मारलं ना. रक्त मी पुसलं.
मग : मलाही मारलं. त्याच दुपारी.
ते लिहिलंय का त्याने?
मी अजून नमाज पढते, बाई,
त्याच्या पुस्तकात मावत नसेन.

यिदिर आला तेव्हा पाऊस नव्हता, काही नव्हतं,
साधा मंगळवार.
अख्खी आयत समोर ठेवली. त्याचे ओठ
जुन्या लयीत हलले, त्याच्या नकळत.
"घाला उरलेली," म्हणाला.
आकड्यावरून भांडला. हा सगळेच सांगतात, म्हणाला,
मी म्हटलं, तेच तर.
त्याने इतक्या जोरात काट मारली की कागद फाटला.
मग बहिणीचं सांगितलं.
"बोलली ती तुमच्याशी?"
एवढंच विचारलं. कोट विसरून गेला,
पोलीस परत आला न्यायला.

छापून आलं तेव्हा
दहातले सात मागच्या कव्हरवर होते, ठळक.
मालक म्हणाले, आत तर नाहीत ना.
समारंभात पहिल्या रांगेतला एक गृहस्थ
वाक्य संपायच्या आत टाळ्या वाजवत होता,
बाहेर काही पोरं वाक्य सुरू व्हायच्या आत ओरडत होती.
मी पान नऊ उघडलं.
तळपायांखाली बारीक टायपात :
बहिणीलाही.

रात्री भावाचा फोन.
मग? विश्वास ठेवण्यासारखा आहे का तुझा तो?
कुठल्या पानावर, मी विचारलं.
त्याने फोन ठेवला.