खूण

तेवीस वर्षं मी टेंभुर्णेचा चेंडू झेलला
मोतीबागेत, रेल्वेच्या मैदानावर,
मेच्या उन्हात, मुखवट्याच्या जाळीमागे.
गुडघ्यांच्या मधोमध बोटांनी खूण करायची:
एक म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळता.
ऐकायचा तो. कधी नाही ऐकायचा.
पेपरात नाव आलं दोनदा,
त्यातही एकदा ‘सॉफ्टबॉल’ छापलं.

आता त्याचा हात कानाच्या वर जात नाही.
तरी रविवारी सकाळी इंदोऱ्याच्या विहारात
तो टेबल मांडतो, मी सतरंजी.
सुई टोचायच्या आधी पोरांच्या मुठीत
जुना चेंडू देतो. “दाब बापा, घट्ट दाब.”
लाल टाके उसवलेत, कातडं काळं पडलंय,
पण शीर वर येते.

सिकलसेल.
रक्तातली गोल पेशी विळ्यासारखी वाकते,
कुठंतरी अडते,
आणि पोरगं रात्रभर मांडी धरून बसतं.
“नाटक करून राह्यला,” म्हणणारे मास्तर
टेंभुर्णेनं शाळाशाळांतून गाठले.
फळ्यावर दोन चेंडू काढायचा,
एक अख्खा, एक चेपलेला.
लग्नाआधी रक्ताचं कार्ड जुळवा, पत्रिका मागून,
हे सांगायला ज्या घरांत गेला
त्यातल्या निम्म्यांत चहा मिळाला नाही.

डिसेंबरात अधिवेशन. टेकडी रोडला मोर्चा अडवला.
गोळ्या गावच्या दवाखान्यात द्या,
परीक्षेत वेळ वाढवा, एसटीचा पास द्या.
पाच जणांना आत सोडलं.
फाइल चाळता चाळता पीएनं विचारलं,
“तुम्ही काय खेळायचे म्हणे?”
“बेसबॉल.”
“म्हणजे क्रिकेटच ना, थोडंफार?”

मी टेबलाखाली एक बोट दाखवलं. सरळ टाक.
त्यानं ऐकलं नाही.
“साहेब, यात चेंडू किती लांब गेला
ते कोणी मोजत नाही.
जिथून निघाला तिथं माणूस परत पोचला
तरच एक धाव.
तिसऱ्या बेसवर राह्यला, तं काहीच नाही.”

पीएनं पेन उघडलं,
कोपऱ्यात ‘पाहू’ लिहिलं, पेन बंद केलं.

आमचं रजिस्टर म्हणजे जुनं स्कोअरबुक.
चौकटी छापलेल्याच आहेत, पैसे वाचले.
पोरगं वॉर्डात गेलं की पहिली रेघ,
रक्त मिळालं की दुसरी, दुखणं उतरलं की तिसरी.
घरी पोचलं की चौथी, आणि मग
तो अख्खी चौकट पेन्सिलनं भरून काढतो.

पहिल्या पानावर, पहिलं नाव, शलाका.
त्याची भाची. एकोणीस.
तीन रेघा आहेत.
डॉक्टर म्हणाले होते, परवा सोडू.
ते पान तो उघडत नाही,
मीही उलटताना दोन पानं सोबतच उलटतो.

मोर्चावरून परतताना तर्री-पोहे खाल्ले,
कोणी काही बोललं नाही.
मग फोन वाजला. कामठीचा मयंक.
सुट्टी झाली, ऑटोत बसलेत, पूल ओलांडला.

“पोचू दे,” टेंभुर्णे म्हणाला.
रजिस्टर मांडीवर घेऊन बसला.
मी पेन्सिलीला टोक केलं.